बाराशे वेढे

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते रेझिस्टर निवडायचं.

तांदूळ निवडतात तसंच. मध्ये स्टीलची परात, एका बाजूला मी, समोर विजू. विजू म्हणजे विजया, माझी बायको. रेझिस्टर म्हणजे भाताच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा, दोन्ही टोकांना तारेच्या मिशा आणि अंगावर रंगीत पट्टे. पट्ट्यांवरून त्याचं माप कळतं. कॉलेजातली पोरं प्रॅक्टिकल झालं की सगळे एकाच बिस्किटाच्या डब्यात फेकतात. वर्ष संपलं की तो डबा आमच्या घरी यायचा आणि आम्ही ते वेगळे करून कप्प्यांच्या पेटीत भरायचो. विजू रिटायर झाली तरी डबा यायचा थांबला नाही. मी म्हणायचो, "सरळ नवे घ्या की. कोण बसतंय निवडत?"

"आपण बसतोय," ती म्हणायची.

दोन वर्षांपासून तिला तपकिरी आणि लाल यातला फरक कळेनासा झाला होता. डोळ्यात थेंब घालायची, खिडकीशी जायची, दाणा नाकाजवळ धरायची, तरी जमेना. मग मी रंग वाचायला लागलो आणि ती माप सांगायला.

"तपकिरी, काळा, लाल."

"एक हजार. नक्की तपकिरी?"

"नक्की."

"पुढचा."

"पिवळा, जांभळा, तपकिरी."

"चारशे सत्तर. नक्की?"

"अगं नक्की म्हटलं ना. सातवी नापास आहे मी, आंधळा नाही."

ती हसली. पुढचे दोन दात पडल्यापासून तोंडावर हात ठेवून हसायची. डबा अर्धा झाला तेव्हा म्हणाली, "बस आज. उरलेले उद्या." टेबलावर तिच्या प्रयोगाच्या वह्या होत्या, कॉलेजला द्यायच्या म्हणून काढलेल्या. मी त्या सुती फितीने बांधत होतो, मोटारीच्या कॉइलला गुंडाळतात त्याच फितीने. शेवटची एक वही राहिली आणि फीत संपली.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या आण फीत. पहिली वही तेवढी राहिली."

कुळथाची पिठी आणि भात खाल्ला. झोपलो. दुसऱ्या दिवशीचं शेवटी सांगतो. ते सांगायला मला आधी बरंच मागे जावं लागेल.

---

परवा शर्वरीचा फोन आला. ही विजूची विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात शिकवते. विजूच्या दिवसांना सगळे तेरा दिवस येऊन बसली होती, वह्यांचे गठ्ठेही तीच घेऊन गेली होती. म्हणाली, "काका, जुनी लॅब तोडतायत. मॅडमचं काही सामान आहे, येऊन बघा. आणि एक विचारायचंय. फोनवर नको."

मुलुंडहून अंधेरीला दोन बस बदलून गेलो. पवईच्या तलावाशी गाडी अडकली तेव्हा खिडकीबाहेर बघत बसलो. याच रस्त्याने ती किती वर्षं गेली. पेपरांचा गठ्ठा मांडीवर, तोंडात लवंग.

लॅब तिसऱ्या मजल्यावर. जिने चढताना दोनदा थांबलो. दारात पोचलो आणि तो वास आला. सोल्डरिंग करताना राळ जळते त्याचा वास, थोडासा धूप, थोडासा जळका गूळ. हा वास विजूच्या केसांत असायचा. खोबरेल तेलाच्या वर बसलेला. लग्नानंतर आई पहिल्यांदा गावाहून आली तेव्हा सुनेला जवळ घेतलं आणि म्हणाली, "गो, देवळात जाऊन इलंस काय?" मी हसलो तर माझ्याकडे वळली. "तू काय हसतंस? बायल शिकता, नि घोव तारो गुंडाळता."

खरं होतं ते. मी तारा गुंडाळायचो.

कांजूरमार्गला एका गाळ्यात मोटारी रिवाइंड करायचं माझं काम. जळालेली मोटार यायची, आतली काळी तार काढायची, नवी तांब्याची तार मोजून वेढ्यांत बसवायची, व्हार्निशमध्ये बुडवायची, भट्टीत भाजायची. वारा पूर्वेकडून आला की कचऱ्याच्या डोंगराचा वास गाळ्यात भरायचा. मग व्हार्निशचा वासच बरा वाटायचा. संध्याकाळी माझे हात पिवळे असायचे. साबणाने जात नसत.

विजू आमच्याच चाळीतली. घाटकोपरच्या टेकडीवर, समोरच्या रांगेत, सार्वजनिक नळाच्या वरची खोली. म्हणून ती मला अरे-तुरे करायची, लग्नानंतरही. फक्त कॉलेजच्या लोकांसमोर "अहो" म्हणायची आणि मग घरी येऊन स्वतःच हसायची. दहावीच्या आधीच चाळीतले रेडिओ दुरुस्त करायची. तिच्याकडे सोल्डरिंगची इस्त्री, म्हणजे तारा डाखायची तापती दांडी, नव्हती, खिळा चुलीत तापवायची. मी गाळ्यातली एक जुनी इस्त्री दुरुस्त करून तिला नेऊन दिली. लग्नातलं मंगळसूत्र आईने निवडलं. इस्त्री मी निवडली होती.

पुढे ती शिकत गेली. डिप्लोमा झाला, कॉलेजात लॅब असिस्टंट लागली, संध्याकाळी डिग्री केली, मग शिकवायला लागली, मग त्याच्या वरचं. मला एकेक नाव पाठ होईपर्यंत ती पुढच्यावर गेलेली असायची. मूल झालं नाही. दोनदा राहिलं आणि गेलं. त्याबद्दल आम्ही बोलत नसू.

स्वयंपाकघराच्या दाराला तिने काळा रंग लावून घेतला होता. उद्याचा तास आज त्या दारावर खडूने शिकवायची. विद्यार्थी मी. कांदा चिरत बसायचो आणि ती इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते सांगायची.

"कळलं?"

"नाही."

"कुठपर्यंत कळलं?"

"तू खडू उचललास तिथपर्यंत."

मग दार पुसायची आणि पुन्हा सुरू करायची. "तुला कळलं तर वर्गातल्या शेवटच्या बाकालाही कळेल." आधी मला राग यायचा. मग सवय झाली. मग एकदा गाळ्यात मालकाच्या मुलाला डायोड म्हणजे काय ते मी सांगितलं, हवेच्या पंपातल्या व्हॉल्व्हसारखा, एकाच बाजूने जाऊ देतो असं, आणि तो बघतच राहिला. घरी येऊन मी विजूला ते सांगितलं नाही. पण त्या दिवशी बोंबील आणले.

पावसाळ्यात लॅबमधल्या यंत्रांना ओल धरायची. ती कपाटात एक बल्ब पेटता ठेवायची, रात्रंदिवस. त्या उबेने यंत्रं कोरडी राहायची. घरीही तसंच. आमच्या एका कपाटात बारीक बल्ब असायचा आणि त्या उबेत तिचे मीटर, माझे चांगले कपडे आणि गावाहून आलेले पोह्याचे पापड शेजारी शेजारी बसायचे. बाहेर पाऊस आणि कपाटाच्या फटीतून पिवळी रेघ. ती रेघ दिसली की मला घर भरल्यासारखं वाटायचं. आता त्या कपाटात बल्ब आहे, लावत नाही. पापड येतात कुठून.

आणि तिचा तो नियम. पोरं घाबरायची त्या नियमाला. प्रयोगाच्या वहीत शाईनेच लिहायचं, पेन्सिल चालणार नाही. चुकलं तर खोडायचं नाही, पांढरं फासायचं नाही, पान फाडायचं तर नाहीच. चुकलेल्या आकड्यावर फूटपट्टीने एक सरळ रेघ, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला खरा आकडा. सही. तारीख. शाई वाळू द्यायची, मग वही मिटायची. आणि ही रेघ ती स्वतः कधी मारायची नाही. वहीत चूक सापडली तर त्या पोराला बोलावून पेन हातात द्यायची.

"मॅडम, तुम्हीच मारा ना."

"चूक ज्याची, रेघ त्याची."

एकदा एक मुलगी आमच्या घरी आली, परीक्षा चार दिवसांवर, रडवेली. विजूने तिला चहा दिला, खारी दिली, आणि पेन दिलं. मी आतून बघत होतो. मला वाटलं, किती कठोर आहे ही.

---

आता ते सांगतो.

तिच्या डॉक्टरेटचा विषय होता जमिनीत पुरलेल्या विजेच्या केबली. केबल कुठे आहे, किती खोल आहे, हे न खणता वरूनच कसं ओळखायचं. उपनगरात तेव्हाही रस्ते सारखे खणलेले असायचे. कोणी पाण्याच्या पायपासाठी खणायचा आणि कुदळ विजेच्या केबलवर बसायची. माणसं मरायची त्यात. विजूच्या चुलत्याचे हात असेच भाजले होते. ती म्हणायची, कुदळ मारायच्या आधी कळलं पाहिजे.

त्यासाठी तिने एक काठी केली. काठीवर दोन कॉइल, एक खाली जमिनीलगत, दुसरी दोन फूट वर. तारेतून वीज जाते तेव्हा जमिनीवरही तिची गुणगुण येते. खालच्या कॉइलमध्ये जास्त ऐकू येते, वरच्यात कमी. त्या फरकावरून हिशेब करायचा की केबल किती खोल. तिने एकदा माझ्या कानांना हेडफोन लावले. आमच्याच गल्लीत, सकाळी, पाणी भरायची वेळ. मी पाय उचलून ठेवला आणि कानात पोळं उठलं. एक पाऊल डावीकडे गेलो, गेलं. परत आलो, आलं. पायाखाली एवढं काही चालू आहे हे मला माहीतच नव्हतं. ती काठी घेऊन रस्त्याने हळूहळू चालायची आणि भाजीवाल्या ओरडायच्या, "बाई, सोनं गावलं काय?"

"गावलं की तुला आधी सांगते," विजू ओरडायची.

त्या दोन कॉइल मी करून दिल्या. प्रत्येकी बाराशे वेढे, केसासारखी बारीक तार. गाळ्यातल्या मशीनला एवढी बारीक तार झेपत नव्हती, म्हणून घरी हाताने फिरवायचं छोटं यंत्र केलं. त्याला वेढे मोजणारा काटा नव्हता. मी मनात मोजायचो आणि शंभर झाले की उजव्या वाटीतला एक चिंचोका डाव्या वाटीत टाकायचो. बारा चिंचोके डावीकडे आले की झालं. गाळ्यातले जुने कारागीर असंच मोजायचे, मी त्यांच्याकडून शिकलो.

पहिली कॉइल बरोबर झाली. दुसरीच्या वेळी दार वाजलं. कोण होतं ते आता आठवतही नाही. उठलो, बोललो, परत बसलो. आणि कळेना, उठताना चिंचोका टाकला होता की नव्हता. बोटं म्हणत होती नाही टाकला. मी बोटांचं ऐकलं आणि एक टाकला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कॉइल गाळ्यात नेल्या, व्हार्निश केल्या, भट्टीत भाजल्या. भट्टीतून काढल्यावर सवयीने तराजूत टाकल्या. एक हलकी भरली. किती हलकी ते बघितलं आणि समजलं. शंभर वेढे कमी. अकराशे. व्हार्निश भाजून झालं होतं, आता ती सोडवता येत नव्हती. ती बारीक तार विजूने कुठून कुठून विनंत्या करून मिळवली होती आणि ती संपली होती.

मी म्हटलं, शंभर वेढ्यांनी काय होतंय. मोटारीत एवढं चालतं. पाणी चढवणाऱ्या मोटारीत दहा वेढे इकडेतिकडे झाले तर पाणी चढायचं थांबत नाही.

संध्याकाळी तिच्या हातात कॉइल ठेवल्या. तिने वही उघडली, पेन काढलं.

"बाराशे ना दोन्ही?"

"बाराशे."

"नक्की?"

"नक्की."

तिने लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं. शाई वाळू दिली, वही मिटली.

मग महिनाभर ती म्हणायची, मीटर बिघडलाय. मीटर खालीवर करायची, दुसऱ्या कॉलेजातून मीटर मागून आणायची. जेवता जेवता एकदम थांबायची. "दोन्हींचं माप सारखं यायला पाहिजे. येत नाही. मीटरच असणार." मी म्हणायचो, "असेल." आणि भातावर डाळ घ्यायचो.

आज सांगू, उद्या सांगू, असं झालं. मोटारीत तेवढं चालतं, हेच धरून बसलो. मग ती थंडी आली.

कॉलेजच्या मागे मोकळी जागा होती. परीक्षेसाठी माळ्याने तिथे एक केबल पुरून ठेवली होती, कुठे आणि किती खोल ते फक्त त्याला माहीत. विजूने काठीने शोधायची आणि खोली सांगायची. मी अर्धी सुट्टी टाकून गेलो होतो, काठी उचलायला. बाहेरून पाहुणे प्रोफेसर आले होते, पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. विजूने निळी साडी नेसली होती. गवतात दव होतं, तिच्या साडीचा काठ ओला झाला.

जागा बरोब्बर सापडली. मग तिने आकडे मांडले आणि सांगितलं, "पावणेचार फूट."

तारेतली वीज बंद केली. मग ठरल्याप्रमाणे माळ्याने विजूच्याच आकड्याच्या भरवशावर खणायला सुरुवात केली. तो काही बोलत नव्हता, खाली बघून खणत होता. प्रोफेसर टेप धरून उभे. तीन फुटांवर पहार केबलवर बसली. ठक्क असा आवाज. रबर चिरलं आणि आतलं तांबं दिसलं, लालसर, नवंकोरं.

मग प्रोफेसर हळूच म्हणाले, "बाई, आज ही तार मेलेली होती म्हणून."

विजूने माळ्याच्या हातांकडे बघितलं. मी विजूकडे.

मी तिथे तोंड उघडायला पाहिजे होतं. उघडलं नाही. एवढे शिकलेले लोक उभे, आणि त्यांच्यात मी, पिवळ्या हातांचा. मी बोललो असतो तर ते तिलाच म्हणाले असते, बाई, असल्या माणसाकडून कॉइल करून घेतलीत? हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता म्हणतो, भ्यालो होतो.

ते काम परत आलं. पुन्हा करा म्हणून. वर्ष गेलं, वर आणखी काही महिने. त्या दिवसांत तिने दारावर खडू धरला नाही. स्वयंपाकघराचं दार तसंच काळं. कॉलेजातून यायची, पेपर तपासायची आणि मधूनच म्हणायची, "माळ्याचे हात गेले असते रे."

मग एका रविवारी बारीक तारेचं नवं रीळ घेऊन आली. माझ्यापुढे ठेवलं. मी यंत्र काढलं, वाट्या काढल्या, चिंचोके काढले. तिने चिंचोक्यांची वाटी उचलून फळीवर ठेवून दिली. खाली बसली, मांडी घालून, माझ्यासमोर.

"या वेळी मी मोजते. तू फिरव."

तिने मोजलं. एक, दोन, तीन, असं मोठ्याने, तास शिकवते त्या आवाजात. मी फिरवत गेलो. आठशेच्या पुढे तिचा आवाज बसला, पाणी प्यायली, मी यंत्र तसंच धरून थांबलो, मग आठशे एक. बाराशे झाले तेव्हा दिवे लागले होते. दुसरीही तशीच. या कॉइलनी आकडे जुळले. पुढच्या थंडीत माळ्याने नवी केबल पुरली, विजूने खोली सांगितली, आणि पहार केबलच्या चार बोटं वर थांबवता आली. प्रोफेसरांनी तिला हात जोडून नमस्कार केला. आम्ही घरी येताना घाटकोपर स्टेशनबाहेर उभ्याने उसाचा रस प्यायलो.

तिने मला कधीच विचारलं नाही की आधीच्या कॉइल का जुळल्या नाहीत. मी सांगितलं नाही. पण त्यानंतर कॉलेजला जी जी कॉइल लागली ती आम्ही तशीच केली. ती मोजायची, मी फिरवायचो. पुढे चाळ सुटली, मुलुंडला दोन खोल्यांची जागा झाली, तिचे केस पांढरे झाले, माझा गाळा बंद झाला. ते मोजणं राहिलं. खिडकीबाहेर पोपट कलकल करायचे आणि आत तिचा आवाज, चारशे दहा, चारशे अकरा, चारशे बारा. शेजारची सून एकदा म्हणाली, "आजी, जप करता का रोज?" विजू म्हणाली, "हो गं. मणी आजोबा फिरवतात."

तो आवाज मला आता कुठे मिळणार? फ्रीज गुणगुणतो दिवसभर. मी त्यालाच मोजतो कधीकधी. फ्रीज आकडे सांगत नाही.

---

तर शर्वरी. लॅबमध्ये टेबलं उलटी करून ठेवली होती, फळा काढून भिंतीला टेकवला होता. खिडकीतून धूळ येत होती. तिने मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग एक वही काढली. लाल कापडाच्या पाठीची. मी लगेच ओळखली.

"काका, नव्या लॅबमध्ये काचेचं कपाट करतोय. मॅडमची काठी आणि ही पहिली वही त्यात ठेवायचीय. पण एक पान आहे." तिने पान उघडलं. "इथे बाराशेवर रेघ मारलीय. बाजूला अकराशे, मराठी आकड्यात. खाली कुणाची तरी सही, वाचता येत नाही, आणि तारीख. हे मॅडमचं अक्षर नाही. आणि तारीख..." ती थांबली. "मॅडम गेल्या त्याच दिवसाची आहे. उद्या कोणी म्हणेल की वहीत नंतर फेरफार केलाय. कोणी केलं हे?"

"मी."

मग मी तिला सगळं सांगितलं. चिंचोके, तराजू, माळी, सगळं. माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान पोर, तिच्यासमोर बोलताना मी पाण्याचा पेला हातात फिरवत होतो. झाल्यावर ती उठेल असं वाटलं. ती उठली नाही. वहीची पानं मागेपुढे करत बसली. एका पानावर बोट ठेवलं.

"काका, हे बघा. कॉइल मिळाल्या त्याच आठवड्यात त्यांनी दोन्ही मोजल्या होत्या. खालच्या कॉइलचं माप कमी आलंय, म्हणूनच केबल होती त्याहून खोल वाटली. इथेच कळायला हवं होतं. बाजूला लिहिलंय, मीटर तपासणे." पान उलटलं. "इथेही. मीटर तपासणे. पुन्हा इथे, दुसरा मीटर आणणे." तिने वही खाली ठेवली. "खालची कॉइल वर आणि वरची खाली लावून बघितली असती तर एका दिवसात सापडलं असतं. आम्हाला पहिल्या तासाला हेच शिकवायच्या. ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे, ते आधी तपासा. मग स्वतः का नाही तपासलं?"

मीटर तपासला. दुसऱ्याचा मीटर तपासला. मला नाही तपासलं.

मी चष्मा काढून पुसला. खाली कुठेतरी ड्रिल चालू झालं, आवाज भिंतीतून येत होता.

"आणि चूक कळल्यावर तरी," शर्वरी म्हणाली, "मॅडमनी हे बाराशे का ठेवलं असं? एवढी वर्षं? रेघ का नाही मारली?"

बोलता बोलता तिचं बोट त्या रेघेवर थांबलं. तिला आठवलं असणार. तिच्या हातातही विजूने कधीतरी पेन दिलं असणार.

मग म्हणाली, "त्यांना सांगितलंत कधी?"

"सांगितलं."

"कधी?"

---

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा उठलो. दूध घेतलं, गाळून गॅसवर ठेवलं. ती आधी उठते, त्या दिवशी उठली नव्हती. वाटलं, काल परातीसमोर फार वेळ बसली, पाठ धरली असेल. हाक मारली. पायाला हात लावला. पाय गार होता. तिचा हात घेतला, मनगट धरलं, बराच वेळ धरलं. ती उजव्या कुशीवर होती, तोंडावर हात ठेवून, हसताना ठेवते तसा.

दूध उतू गेलं. गॅस बंद केला. पुसलं नाही.

परातीत कालचे निवडायचे राहिलेले दाणे होते. टेबलावर गठ्ठे आणि त्यांच्या वर न बांधलेली पहिली वही. मी ती घेऊन तिच्याजवळ बसलो. पान शोधायला वेळ लागला, मला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. १२०० आणि खाली १२००, तिच्या गोल अक्षरात.

"विजू," मी म्हटलं, "दुसरी अकराशेची होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. तराजूत टाकली होती मी."

बाहेर पोपट ओरडत होते. ती "नक्की?" म्हणाली नाही.

"नक्की," मी म्हटलं.

तिच्या पर्समधून फूटपट्टी काढली, पेन काढलं. खालच्या बाराशेवर एक रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. सरळ आली. बाजूला अकराशे लिहिलं. सही केली. तारीख घातली.

शाई वाळेपर्यंत बसलो. मग वही मिटली, उठलो, आणि शेजारच्यांचं दार वाजवलं.